मेजरच्या पाठीचं लॉगबुक

आमच्या गल्लीत ह्यांना सगळे मेजर म्हणतात. कसले मेजर! फौजेत सव्वीस वर्षं ट्रक चालवला आणि ड्रायव्हर म्हणूनच बाहेर पडले. पण फौजेतून आलेला माणूस दिसला की लोक त्याला परस्पर मेजर करून टाकतात, त्याला कोण काय करणार? आधी हे एकेकाला थांबवून सांगायचे, "अहो, मेजर नाही मी, ट्रक चालवायचो." आता सांगत नाहीत. आता कुणी "काय मेजर, बरं आहे ना?" म्हटलं की नुसते बघतात, आणि विचारणाऱ्याला एकदम आठवतं की आपल्याला कुठेतरी जायचंय.

मी ह्यांची बायको. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पायाने चालवायचं एक मशीन, एक टेबल, एक आरसा आणि दाराबाहेर पाटी. नवीन कपडे मी शिवत नाही. पँट आखूड करायची, चेन बदलायची, उसवलेलं जोडायचं, फाटलेलं रफू करायचं. त्याच खोलीत ह्यांची खुर्ची आहे, लाकडी, उंच पाठीची. तिच्यावरून खिडकीतला रस्ता दिसायला हवा म्हणून ती खोलीच्या ऐन मध्यात ठेवलेली. येता-जाता माझी कंबर तिच्यावर आपटते. एकदा केर काढताना मी ती हातभर सरकवली, तर असा काही आरडाओरडा झाला की पडद्यामागे स्कर्ट घालून बघणाऱ्या बाई तशाच, कमरेला टाचण्या लावलेल्या, बाहेर आल्या. म्हणाल्या, "नंतर येते मी." त्या आल्याच नाहीत. स्कर्ट त्यांच्या नवऱ्याने नेला.

मीही काही मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यातली नाही. हे एक बोलले तर मी चार बोलते. एकदा तर मी हातातली कात्री टेबलावर अशी आपटली की तिचं टोक मोडलं, आणि मग आम्ही दोघंही त्या मोडक्या टोकाकडे बघत बसलो. पण राग राग तरी कशाचा? चहात साखर कमी, राग. साखर बरोबर, पण कप चुकीचा, राग. रेडिओवर कुणी हसलं, राग. पेपरवाल्याने पेपर दारातून आत फेकला, राग, आणि हातात दिला तर, "माझे हात मोडलेत का?" म्हणून राग. आणि हा सगळा दंगा आटोपला की मग दोन-दोन दिवस चिडीचूप. जेवायला बोलवावं तर "ठेव तिथे." अंघोळीचं नाव नाही, दाढी नाही. खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायचं, आणि रस्त्यावर काय दिसलं विचारलं तर "काही नाही."

मला हा माणूस असा मिळाला नव्हता, एवढं मात्र मला सांगायचंय. मला मिळालेला माणूस सुट्टीवर यायचा तेव्हा टॅक्सीवाल्याला कोपऱ्यावरच सांगायचा की दोनदा बारीक हॉर्न मार. पीं-पीं. ती त्यांची डोंगरातल्या रस्त्यावरची खूण. एकामागे एक ट्रक चाललेले असतात, वळणावर पुढचा दिसत नाही, मागचा दिसत नाही. मग दोनदा बारीक हॉर्न द्यायचा, म्हणजे "मी ठीक आहे, चला पुढे." तो हॉर्न ऐकला की मी गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप तशीच लोंबकळती ठेवून धावायचे. आमची मुलगी तर अनवाणीच. आणि हे उतरायचे, तिला एका हाताने खांद्यावर टाकायचे, दुसऱ्या हातात ट्रंक, आणि माझ्याकडे बघून नुसते हसायचे. लोकांसमोर हात कुठे धरणार? मी तेवढ्या हसण्यावर पुढचे दहा महिने काढायचे. खोटं कशाला सांगू, त्या हसण्यासाठी मी आजही जीव टाकते. माणूस समोर खुर्चीत बसलाय, अन् मी त्याचीच वाट बघतेय. ही गोष्ट सांगायची तरी कुणाला?

पाठ दुखते हे मला माहीत होतं. निवृत्तीच्या आधी चार वर्षं काहीतरी झालं, महिनाभर इस्पितळात होते, पट्टा बांधून घरी आले. "काय झालं?" "काही नाही, गचका बसला." निवृत्त झाल्यावर एका गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. तिथे एका ट्रकवाल्याने गाडी वेडीवाकडी मागे घेतली म्हणून त्याची कॉलर पकडली, आणि नोकरी सुटली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून खुर्ची.

आणि मग दहा महिन्यांपूर्वी ते झालं.

आमची मुलगी शहराच्या पलीकडच्या टोकाला राहते. दर रविवारी नवऱ्याला आणि पोरीला घेऊन यायची. नात चार वर्षांची. ती चालायला शिकलीच नाही, एकदम पळायलाच लागली, म्हणून ह्यांनीच तिचं नाव ठेवलं गोळी. गोळी आली की खुर्चीतला माणूस जरा बदलायचा. ओरडायचा नाही. तिच्या बाहुलीला सलाम ठोकायला शिकवायचा. रविवारी दाढी व्हायची, ती तिच्यासाठी. मी काही आंधळी नाही.

त्या रविवारी मी मशीनवर होते, मुलगी आत चहा टाकत होती. हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. गोळी मागून आली, खुर्चीच्या मागच्या दांडीवर चढली आणि "आजोबाऽऽ" म्हणून तिने ह्यांच्या गळ्यात हात टाकून अंग सोडून दिलं. सगळा भार पाठीवर. ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी जन्मात ऐकला नव्हता. ते ताडकन उठले, हात मागे झटकला, आणि पोर उडून माझ्या मशीनच्या लोखंडी पायावर पडली. हनुवटी फुटली. सगळं रक्त. मी आयुष्यभर टाके घातले, पण त्या दिवशी डॉक्टर तिच्या हनुवटीला चार टाके घालत होता तेव्हा मला बघवेना.

एवढं झालं, तरी माणूस काय म्हणाला असेल? "शिस्त नाही कार्टीला!" एवढंच. भिंतीला धरून उभे होते, चेहरा पांढराफटक, आणि हे असलं बोलणं.

मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, मी लहानपणी तुमची वाट बघायचे. आता मला तुमची भीती वाटते. माझी पोर ह्या घरात पाय ठेवणार नाही." घाईत गोळीच्या पायातली एक पिवळी चप्पल राहिली. ती दुसऱ्या दिवशी मला खिडकीच्या कट्ट्यावर दिसली, पुसून ठेवलेली. तिला हात लावायची सोय नव्हती.

त्यानंतर रविवार म्हणजे फोन. अकरा वाजता. मुलगी विचारायची, "आई, बरी आहेस ना? बाबा कसे आहेत?" मी म्हणायचे, "सगळं ठीक आहे." फोन वाजला की हे रेडिओ बारीक करायचे आणि पेपर उघडायचे. पेपर उलटा असला तरी चालायचं. मी फोन ठेवला की काहीच विचारायचे नाहीत. मी आपणहून सांगायचे, "गोळी शाळेत जायला लागली." "हं." "गाणं म्हणते म्हणे." "हं." मग त्या दिवशी जेवायचे नाहीत. आणि मी? मला वाटायचं, भोगा आता आपल्या रागाची फळं. मलाही माझी नात हवी होती हो! मला सुद्धा तिच्या हनुवटीवरचा व्रण बघायचा होता, त्यावरून बोट फिरवायचं होतं. ह्यांच्या एका झटक्याने माझंही घर रिकामं झालं होतं, आणि ते मी ह्यांना दिवसातून एकदा तरी ऐकवत होते.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात वर्षातून एकदा तपासणीला जावं लागतं. ह्या वेळी नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आमच्या मुलीहून लहानच असतील. त्यांनी ह्यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे. किती दुखतं त्यावर गोल करायचा. ह्यांनी दोनवर गोल केला.

माझी सटकलीच. "दोन? अहो, सकाळी बुटाची नाडी बांधायला वीस मिनिटं लागली तुम्हाला! मी बघत नव्हते का आरशातून? जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरची नोटीस वाचत होतात, ती तीन वर्षांपूर्वीची आहे!"

हे शांतपणे म्हणाले, "दहा म्हणजे स्ट्रेचर. स्ट्रेचरवर आहे का मी? नाही ना? मग दोन."

डॉक्टरीणबाईंनी मला हाताने खाली बसवलं. मला वाटलं, आता ह्यांना उपदेश करणार. त्यांनी विचारलं भलतंच, "ट्रक कुठला होता तुमचा?" आणि काय सांगू, माणूस बोलायला लागला. चाकांवरचे पाटे, क्लच, एक्सल, थंडीत इंजिन कसं तापवायचं. पंधरा मिनिटं! मला पंधरा महिन्यांत तेवढं ऐकायला मिळालं नव्हतं. बाईंनी विचारलं, "आणि बिघाड आहे हे दुसऱ्या ड्रायव्हरला कसं कळायचं?"

"लॉगबुक असतं ना. रोज लिहायचं. किती चालली, काय आवाज आला, कुठे गरम झाली. ते गाडीतच राहतं, गाडी ज्याच्या ताब्यात येईल त्याने ते वाचायचं. त्यात खोटं लिहायचं नसतं."

"का?"

"खोटं लिहिलं तर पुढचा ड्रायव्हर मरतो," हे म्हणाले. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसे.

मग बाईंनी पाठीचं विचारलं, आणि सोळा वर्षांनी पहिल्यांदा मी ती हकिकत ऐकली, ती सुद्धा दुसऱ्या कुणाला सांगताना. डोंगरातला एकेरी रस्ता. ह्यांच्या मागे चाळीस गाड्या. चाक खड्ड्यात गेलं, गाडी आदळली, पाठीत काहीतरी कडकन मोडलं. पाय अर्धे बधिर झाले. त्याच स्थितीत हे नऊ तास गाडी चालवत राहिले. वळणावळणावर दोनदा बारीक हॉर्न देत.

"थांबला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"थांबलेल्या गाडीला दरीत ढकलतात," हे म्हणाले. "माणसं उतरवून घेतात आणि ढकलतात. रस्ता मोकळा पाहिजे. मी दोन ढकललेल्या आहेत, ह्या हातांनी. चांगल्या गाड्या होत्या." आणि मग एकदम उठले. "झालं ना? निघू?" दार उघडून बाहेर जाऊन उभेसुद्धा राहिले.

मी तशीच बसून राहिले. हा माणूस इतकी वर्षं कशाला भितोय ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. "दुखतंय" म्हटलं की आपण थांबलेली गाडी झालो, एवढंच त्याच्या डोक्यात.

बाई मला म्हणाल्या, "राग दिसतो ना तुम्हाला, त्याच्या खाली दुखणं आहे. रोजचं दुखणं झोपू देत नाही, झोप नाही म्हणून मन खचतं. डिप्रेशन म्हणतो आम्ही त्याला. कुणी ते रडून दाखवतं. ह्यांच्यासारख्या माणसांना रडायची सवय नाही, ओरडायची आहे. पाठीवर औषध आहे, मनावरही आहे. पण किती दुखतं ते मला खरं कळलं पाहिजे. दोनचं औषध देऊन सातचं दुखणं जायचं नाही." त्यांनी मग दाराकडे बघून मोठ्याने म्हटलं, "घरी एक लॉगबुक ठेवा मेजर! गाडी कुठली ते तुम्हाला माहीत आहे."

"मेजर नाही मी," बाहेरून आवाज आला.

घरी आल्यावर "पोरीटोरी डॉक्टर व्हायला लागल्या" वगैरे झालं. गोळ्या मात्र घ्यायला लागले. आठवडा गेला. एक दिवस म्हणाले, "तुझी मापांची कोरी वही आहे का एखादी? रेघा मारलेली?" मी दिली. उंची, कमर, छाती, बाही असे रकाने मी आखून ठेवलेले असतात. त्यांनी ती रकान्यांची नावं खोडली आणि वर लिहिलं: तारीख, किती चालली, बिघाड, शेरा.

वही खुर्चीवरच असायची. लॉगबुक गाडीतच राहतं ना! आणि गाडीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने ते वाचायचं असतं, हे मी दवाखान्यात माझ्या कानांनी ऐकलं होतं. हे अंघोळीला गेले की मी वाचायचे. आधी मला हसू आलं.

"सकाळी इंजिन सुरू व्हायला उशीर. पाटे बसलेत. खड्डा नसताना आवाज."

"किती चालली: खुर्ची ते न्हाणीघर, दोनदा. मागचा एक्सल गरम."

"हॉर्न विनाकारण जोरात वाजला. रस्त्यात अडथळा नव्हता. समोर बायको होती."

हे वाचून मी पदर तोंडात धरून हसले आणि मग मला काय झालं कोण जाणे, हसता हसता रडूच आलं. पुढच्या पानावर होतं:

"बॅटरी उतरलेली. पाच वेळा किल्ली फिरवली. कुठे जायचं आहे ते आठवत नाही."

त्याच्याखाली रोज, ओळीने चार दिवस, तसंच.

मी पानं मागेपुढे करून बघितली. ज्या दिवशी एक्सल गरम, म्हणजे पाठ पेटलेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉर्न. हॉर्न वाजला की त्यानंतर बॅटरी उतरलेली. मी बायको, एका छताखाली राहणारी, हे मला दिसलं नाही. मला फक्त हॉर्न ऐकू आला. इतकी वर्षं मी त्या हॉर्नशीच भांडत बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, औषध बदललं, पाठीसाठी व्यायाम शिकवायला एक माणूस दिला. जादू-बिदू काही झाली नाही. ओरडणं चालूच राहिलं, फक्त आता मी विचारायला लागले, "एक्सल का?" आणि कधी कधी उत्तर यायचं, "हं, एक्सल." मग मी गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचे आणि आम्ही दोघं गप्प बसायचो. पूर्वीच्या गप्प बसण्यापेक्षा हे बरं होतं.

मग एक दिवस मला वहीत ती नोंद दिसली. पानाच्या वर लिहिलं होतं, "जुना अपघात. नोंद राहिली होती." खाली दहा महिन्यांपूर्वीची, त्या रविवारची तारीख. आणि ह्यांच्या त्या गोल गोल अक्षरात:

"गाडी उभी. मागून अचानक भार आला. चेसिसला तडा गेल्यासारखं झालं. ड्रायव्हरचा ताबा सुटला. मागे मूल आहे हे पडल्यावर दिसलं. मुलाची चूक नाही. बिघाड जुना. ड्रायव्हरने कळवला नव्हता. चूक ड्रायव्हरची."

शेऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. तिथे पेन बराच वेळ टेकवून ठेवल्याचा शाईचा ठिपका होता.

मी वही तिथेच ठेवली, आत गेले आणि मुलीला फोन लावला. रविवार नव्हता. तिने घाबरून विचारलं, "काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"नाहीत," मी म्हटलं. "ठीक नाहीत. पाठ दुखते त्यांची, सोळा वर्षं झाली. झोपत नाहीत. पोर लटकली तेव्हा त्यांचा जीव गेला होता दुखण्याने, त्याचा तो झटका होता. तिच्यावर रागावले नव्हते ते."

तिने तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, हे तू मला आज सांगतेस?"

"तू तरी कधी विचारलंस?" मी म्हटलं. म्हटलं ना, मी ऐकून घेणाऱ्यातली नाही.

"दर रविवारी विचारलं!" ती ओरडलीच. अगदी बापासारखी. "दहा महिने, दर रविवारी! बाबा कसे आहेत, बाबा कसे आहेत. आणि तू काय म्हणायचीस? सगळं ठीक आहे. मला वाटलं, पोरीचं तोंड फोडून हा माणूस मजेत आहे. मला वाटलं, त्यांना काहीच वाटत नाही!"

खरं होतं तिचं. मी सुद्धा दोनदा बारीक हॉर्न देत बसले होते. ह्यांना नावं ठेवता ठेवता मी त्यांच्याच रांगेत गाडी चालवत होते, आणि माझी पोर मागे राहून गेली होती. मी म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही मी हे. नीट जमलं नसेल.

पुढच्या रविवारी मुलगी आली. एकटी. हे खुर्चीत. दाढी केलेली होती. तिने येईन असं सांगितलं नव्हतं, तरी. ती समोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "बाबा, आज किती दुखतंय? शून्य ते दहा."

"दोन," हे म्हणाले.

ती बघत राहिली. मी मशीनवर होते, पाय थांबवून. मला वाटलं, संपलं, हा माणूस सुधारायचा नाही. हे खिडकीकडे बघत होते. मग घसा खाकरला. "सात," म्हणाले. "बसून आहे तोवर सात. उठलो की आठ."

मग त्यांनी वही उचलली आणि तिच्या हातात दिली. पान काढून दिलं नाही, तिने शोधायचं. तिने उभ्यानेच वाचलं. त्या पानाशी आली तेव्हा मला कळलं, कारण तिने खालचा ओठ दातात धरला, लहानपणी सुट्टी संपून बाप ट्रंक भरायला लागला की धरायची तसा. "कळवायचं होतं ना बाबा," ती म्हणाली. "मी काय तुम्हाला दरीत ढकललं असतं का?" ते दरीत ढकलण्याचं तिला मीच फोनवर सांगितलं होतं.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा बघितलं आणि मला काय करावं सुचेना, म्हणून मी मशीनच्या खालच्या दोऱ्याची बॉबिन भरायला घेतली. भरलेलीच होती.

निघताना मुलीला कट्ट्यावरची चप्पल दिसली. उचलून तळ बघितला. म्हणाली, "आता नाही होणार तिला. दोन नंबर वाढलाय पाय." हे एवढंच म्हणाले, "असू दे इथे." तिने ती परत ठेवली. मग दारातून, पाठमोरीच, म्हणाली, "पुढच्या रविवारी आणते तिला. पण मी शेजारीच बसणार. आणि तिला भीती वाटली तर लगेच निघू आम्ही. नक्की काही सांगता येत नाही."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. सोमवारी आवाज चढला, मंगळवारी दिवसभर खिडकी. वहीत लिहिलेलं होतं सगळं. शनिवारी दुपारी मी एक कोट उसवत बसले होते, तेव्हा हे दोन्ही हात टेकून सावकाश उठले आणि टेबलाला धरून उभे राहिले.

"अगं, ही खुर्ची भिंतीला लाव."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. ज्या खुर्चीपायी माझं गिऱ्हाईक पळालं, माझी कंबर निळी झाली, ती खुर्ची! मी म्हटलं, "अहो, तिथून रस्ता दिसत नाही तुम्हाला."

"रस्ता पुष्कळ बघितला. दार दिसतं ना?"

"दिसतं."

"मग झालं. पाठ भिंतीला लागली की मागे जागा राहत नाही. पोर येईल ती समोरूनच येईल. मला दिसेल ती."

मी कोट बाजूला ठेवला. कात्री खाली ठेवली. खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि मागे ओढायला लागले. जड आहे मेली. हे टेबलाला धरून वाकून बघत होते, आणि त्यांनी एक हात वर केला, ट्रक मागे घेताना मागे उभा राहिलेला माणूस करतो तसा, आणि बोटं हलवायला लागले.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे, येऊ दे. जरा डावीकडे. येऊ दे… बस."